आयरिश शिकायची आहे, पण चाळीस लिंकांतून सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून डब्लिनला आलात. मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत सेकंड क्लासला आहे. आयरिशचा गृहपाठ घरी येतो आणि त्यातलं तुम्हाला अक्षर कळत नाही. तिला मदत करायची आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही हौस आहे. आठवड्याला चारेक तास निघतात. इंटरनेटवरून चाळीस लिंका जमवल्यात, तीन ॲप उतरवून घेतलीत, एक जुनं पुस्तक सेकंडहँड आणलंय. आणि प्रत्येक ठिकाणी साधं ‘कसे आहात’सुद्धा वेगळंच दिसतं. मराठी माणसानं कुठून धरावं?

मी आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेत राहते. २००९ मध्ये हौस म्हणून शिकायला लागले, मध्ये दोनदा सोडली, पुन्हा धरली, आणि आता काही वर्षं संध्याकाळी प्रौढांचा पहिल्या पायरीचा वर्ग घेते. त्या अनुभवावरून सांगते: चाळीसपैकी छत्तीस लिंका आजच पुसून टाका. आयरिश शिकायला साधनं कमी पडतात म्हणून कोणी थांबत नाही. लोक थांबतात ते रोज नव्या साधनाच्या पहिल्याच धड्यावर बसून. माझ्या वर्गात येणाऱ्या निम्म्या लोकांनी ‘मी पुरुष आहे, मी सफरचंद खातो’ हे चार ॲपवर चार वेळा शिकलेलं असतं, पाचवं वाक्य कोणालाच येत नसतं.

आता ते ‘कसे आहात’. ती चूक नाही, बोली आहे. दक्षिणेला मन्स्टरमध्ये, म्हणजे केरी, कॉर्क, वॉटरफर्डकडे, ‘कुनस ता तू’ म्हणतात. पश्चिमेला कॉनाख्तमध्ये, म्हणजे कॉनेमारा, अरन बेटं, मेयोकडे, ‘के खी विल तू’. उत्तरेला डॉनिगॉलमध्ये ‘गजे मार ता तू’. तिन्ही बरोबर. त्यावर शाळेच्या पुस्तकात एक प्रमाणभाषा असते, १९५८ मध्ये सरकारनं ठरवून दिलेली. ती लिहिण्याची भाषा. तिचं शुद्धलेखन आणि व्याकरण ठरलेलं आहे, उच्चार ठरलेला नाही. आपल्याकडे प्रमाण मराठी म्हटलं की भांडायला का होईना, सदाशिव पेठेवर बोट ठेवता येतं. आयरिश प्रमाणभाषेला असं बोट ठेवायला गावच नाही.

म्हणून पहिला निर्णय साधनाचा नाही, बोलीचा. लिहायचं प्रमाणभाषेत, कान मात्र एकाच बोलीला लावायचे, निदान पहिलं वर्ष. मालवणीत सुरुवात, वऱ्हाडीत मधला भाग आणि खानदेशीत शेवट असं वाक्य बोलणारा माणूस कोणालाच नीट कळत नाही, तसंच हे. तुम्हाला मी कॉनाख्तची, त्यातही कॉनेमाराची बोली सुचवेन. मी गॉलवेची, आणि कॉनेमारा आमच्याच परगण्यात, म्हणजे पक्षपाती आहे, हे धरून चाला. पण कारणं आहेत. तिच्यावर भरपूर साहित्य आहे, टीव्हीवर ती सतत ऐकू येते, आणि डब्लिनजवळच्या बोलीभागात, म्हणजे जिथे लोक रोज आयरिश बोलतात अशा भागात, तीच बोलतात. मीथ परगण्यात रा खार्न नावाचं छोटं गाव आहे. १९३५ मध्ये कॉनेमारातली कुटुंबं सरकारनं तिकडे जमिनी देऊन वसवली, आणि त्यांनी आपली बोली सोबत नेली. गाडीनं तुमच्यापासून तासाभराच्या आसपास. केरीवर जीव जडलेला असेल तर खुशाल मन्स्टर घ्या, पण एकच घ्या.

दुसरी गोष्ट उच्चाराची, आणि इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे, जे इंग्रजीतल्या कुठल्याही पुस्तकात तुम्हाला कोणी सांगणार नाही.

आयरिश स्पेलिंग वेडंवाकडं आहे असं सगळे म्हणतात. नाही हो. प्रत्येक व्यंजनाची दोन रूपं आहेत, एक रुंद, एक बारीक. शेजारी ए, ओ, यू असेल तर रुंद. ई, आय असेल तर बारीक. पुष्कळदा शब्दातला एखादा स्वर बोलायचा नसतोच, शेजारचं व्यंजन रुंद की बारीक एवढंच सांगायला तो तिथे उभा असतो. बी-ओ, ओवर तिरकी रेघ: ‘बो’, म्हणजे गाय. बी-ई-ओ: ‘ब्यो’, म्हणजे जिवंत. आपण मध्ये य लिहिला असता, त्यांनी ई खोचला. बाकी काही नाही. (गाईचा हा ‘बो’ आणि संस्कृतातला ‘गो’ मुळात एकच शब्द. पुरुषाला ‘फ्यॅर’ म्हणतात, त्याचा सख्खा भाऊ आपला ‘वीर’.)

रुंद टी आणि डी म्हणजे आपले त आणि द, जीभ दाताला. इंग्रज, अमेरिकन मंडळी ‘टा’ म्हणतात आणि वर्षभर म्हणत राहतात. तुम्ही पहिल्या दिवशी ‘ता’ म्हणाल. बारीक टी आणि डी पश्चिमेला-उत्तरेला च-ज कडे झुकतात, पण कुठला च? चहातला, चाकातला नव्हे. हा फरक दुसऱ्या कोणाला समजावायला मला फळाच लागतो, मराठी माणसाला एवढं वाक्य पुरतं. ‘नमस्कार’साठी ‘जिया ग्विच’ म्हणतात, त्यातला ज जीवनातला आहे, जाडीतला नाही. शब्दशः अर्थ ‘देव तुम्हाला’, आणि उत्तरात ‘जिया स म्विरा ग्विच’, म्हणजे ‘देव आणि मेरी तुम्हाला’. एकानं राम राम म्हटल्यावर दुसऱ्यानं जय सीताराम म्हणावं तसं, वर एक चढवून परत. ‘ग्विच’मधला ग मात्र घशातला आहे, उर्दूवाले गझल म्हणताना काढतात तो. सी-एच दिसलं की तसाच घशातला ख. हे दोन आवाज जमवायला लागतात.

अजून एक. ‘निळा’ या शब्दाचं स्पेलिंग जी-ओ-आर-एम, उच्चार ‘गोरम’. मध्ये न लिहिलेला अ. गावाकडे धर्माचं धरम आणि कर्माचं करम होतं, अगदी तेच, फक्त इथे तोच शिष्ट उच्चार.

आता ठेवायच्या चार लिंकांपैकी पहिली, आणि मरेपर्यंत न पुसायची: ‘त्यांगलन डॉट आयई’. स्पेलिंग टी, ई, ए, एन, जी, एल, ए आणि दोन एन. फुकट आहे. त्यात १९७७ चा नील ओ डोनल यांचा मोठा आयरिश-इंग्रजी कोश आहे, १९५९ चा इंग्रजी-आयरिश कोश आहे, व्याकरणाचे तक्ते आहेत, आणि सोन्यासारखी गोष्ट म्हणजे हजारो शब्दांचे उच्चार तिन्ही बोलींत, खऱ्या माणसांच्या आवाजात. तीन बटणं असतात: कॉनाख्त, मन्स्टर आणि अल्स्टर, म्हणजे उत्तरेची, डॉनिगॉलकडची बोली. तुम्ही कायम कॉनाख्तचं दाबायचं. इंग्रजी शब्दावरून आजच्या वापरातला आयरिश शब्द हवा असेल तर दुसरी लिंक, ‘फोक्लोर डॉट आयई’: एफ, ओ, सी, एल, ओ, आय, आर. अख्खं वाक्य कानावर हवं असेल तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं केलेलं ‘अबर’ आहे. आवाज यंत्राचा, पण बोली निवडता येते आणि काम चोख आहे.

कोश वापरताना पहिल्याच दिवशी एक अडचण येणार. गृहपाठातला शब्द कोशात सापडतच नाही. लोक इथे वैतागून सोडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

मराठीत शब्दाची शेपटी बदलते: घोडा, घोड्याला, घोड्यावर. आयरिशमध्ये शेपटी तर बदलतेच, पण डोकंही बदलतं. होडीला म्हणतात ‘बाद’, स्पेलिंग बी-ए-डी, ए वर रेघ. माझी होडी: ‘मो वाद’. आमची होडी: ‘आर माद’. आता गंमत बघा. ‘त्याची’, ‘तिची’ आणि ‘त्यांची’ या तिन्हींसाठी शब्द एकच, नुसता ‘अ’. मग होडी कोणाची ते कसं कळायचं? डोक्यावरून. ‘अ वाद’ त्याची. ‘अ बाद’ तिची. ‘अ माद’ त्यांची. अर्थाचा सगळा भार त्या पहिल्या अक्षरावर. व चा आवाज लिहिताना बी पुढे एच लावतात, या बदलाला ‘शेवू’ म्हणतात, म्हणजे मऊ करणं. म चा आवाज लिहिताना बी तसाच ठेवून त्याच्या आधी एम बसवतात, त्याला ‘उरू’, म्हणजे ग्रहण. चंद्राला ग्रहण लागतं तसा बी झाकला जातो: दिसतो, ऐकू येत नाही.

तर कोशात शोधताना: दुसरं अक्षर एच असेल तर तो उडवा. सुरुवातीला एम-बी, जी-सी, एन-डी, एन-जी, बी-पी, डी-टी किंवा बी-एच-एफ अशी विचित्र जोडी-तिकडी असेल तर शेवटचं व्यंजन खरं, आधीचं पाहुणं. एम-बी-ए-डी दिसलं की बी खाली शोधा. एवढं एक कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मुलीच्या गृहपाठातले निम्मे ‘न सापडणारे’ शब्द तिथल्या तिथे सापडतील.

पुस्तक एकच घ्या: ‘बुंतूस कैंचे’. तोमास ओ डोनलॉन यांनी १९६७ मध्ये रेडिओ-टीव्हीवरच्या धड्यांसोबत केलेलं, तीन छोट्या भागांत, व्यंगचित्रांसकट. दिसायला जुनाट आहे. चित्रातल्या बायका स्वयंपाकघरात आणि पुरुष पाइप ओढत. पण एका धड्यात चार-पाच वाक्प्रयोग, एका पानाला चित्र, सोबत आवाज, आणि वीस मिनिटांत धडा संपतो. व्याकरणाची चर्चा जवळपास नाही. नोकरी करून शिकणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं काही मी पाहिलेलं नाही. वापरायची पद्धत मात्र माझी: आधी पुस्तक बंद ठेवून आवाज तीनदा ऐका, मग मोठ्यानं मागून म्हणा, मगच पान उघडा. आधी पान उघडलंत तर स्पेलिंग तुम्हाला इंग्रजीसारखं वाचायला लावेल आणि तो चुकीचा उच्चार पुढे वर्षभर उकरत बसावं लागेल. तुम्ही सेकंडहँड आणलंय ते पुस्तक मीहॉल ओ शील यांचं १९८० चं असावं, तुमच्या वर्णनावरून. त्यात कॉनेमाराच्या कोश फारिगे भागातली बोली अतिशय बारकाईनं मांडलेली आहे. ग्रंथ फार मोलाचा. पण पहिल्या महिन्यात उघडू नका. अष्टाध्यायी हातात देऊन कोणी संस्कृत बोलायला लावत नाही. सहा-आठ महिन्यांनी ‘हे असं का’ असे प्रश्न डोक्यात साठतील, तेव्हा काढा.

ड्युओलिंगोचं काय, हा प्रश्न दर वर्गात येतो. २०१४ पासून त्यात आयरिश आहे, आणि त्यामुळे लाखो लोकांनी भाषेला हात लावला हे खरंच. शब्द घोटायला, बसमध्ये दहा मिनिटं घालवायला ठीक. पण नियम तो समजावत नाही, आणि पूर्वी त्यात खऱ्या बोलणाऱ्या बाईचा आवाज होता, तो काढून यंत्राचा घातला. उच्चारासाठी त्याच्यावर विसंबू नका. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीनं फ्यूचरलर्न या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर नवशिक्यांसाठी छोटे अभ्यासक्रम आणले, ते त्यापेक्षा सरस आहेत. भाषेसोबत थोडा इतिहास, थोडं संगीतही येतं. हवा तर तिसरी लिंक म्हणून ठेवा.

आता मुलीकडे येऊ. तिला पहिल्या आठवड्यात जे वाक्य शिकवलं असेल ते या देशातल्या प्रत्येक माणसाला पाठ आहे, बाकी सगळं आयरिश विसरलेल्यालासुद्धा: ‘अन विल क्यॅद अगम दुल गो जी अन लेहरस?’ म्हणजे मी शौचालयात जाऊ का. तिच्याकडून म्हणवून घ्या. आणि मग फोडून बघा, कारण या एका वाक्यात अर्धं व्याकरण आहे. ‘अन विल’, आहे का. ‘क्यॅद’, परवानगी. ‘अगम’, माझ्याकडे. आहे-का परवानगी माझ्याकडे, जायला शौचालयाकडे. क्रियापद सगळ्यात आधी, ते आपल्या उलट. पण ‘अगम’ बघा.

आयरिशमध्ये इंग्रजीसारखं ‘हॅव’ नाहीच. माझ्याकडे पुस्तक आहे: ‘ता ल्यौर अगम’, आहे पुस्तक माझ्याकडे. इंग्रजी बोलणाऱ्याला हे पचवायला महिना लागतो, आपल्याला आयतं मिळतं. भूक लागली: ‘ता ओक्रस ओरम’, भूक आहे माझ्यावर. वाईट वाटतं, माफ करा: ‘ता ब्रोन ओरम’, दुःख आहे माझ्यावर. आपल्यालाही भूक ‘लागते’, आपण ती करत नाही. मला चहा आवडतो: ‘इस मा ल्युम ते’, चांगला आहे चहा माझ्या लेखी. आणि मला आयरिश येतं? ‘ता गेलगे अगम’, आयरिश आहे माझ्याकडे. आपल्याला भाषा ‘येते’, त्यांच्याकडे ती ‘असते’. ती ‘बोलतो’ म्हणून कर्तृत्व मिरवायची सवय दोघांनाही नाही. म्हणून आयरिशचं इंग्रजीतून भाषांतर करत शिकू नका. साहित्य इंग्रजीतच मिळणार, त्याला इलाज नाही, पण वहीत अर्थ मराठीत लिहा. माझी पहिली वही इंग्रजी अर्थांची होती, दुसरी मराठी अर्थांची. दुसरीपासून मी बोलायला लागले.

‘हो’ आणि ‘नाही’ यांना शब्दच नाहीत, हे ऐकून इतर लोक थक्क होतात. ‘अन दिग्यन तू?’ समजलं का? ‘तिगिम’, समजतं. ‘नी हिगिम’, नाही समजत. क्रियापदच परत करायचं. जेवलास का, जेवलो. आलीस का, आले. आपण दिवसभर तेच करतो. (आणि तिथेही डोकं बघा: तिग, दिग, हिग. एकच धातू, तीन टोप्या.)

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. माणसं मोजायचे आकडे वेगळे आहेत. वस्तू दोन, पण माणसं दोघं. वस्तू तीन, माणसं तिघं. आयरिशमध्ये ‘बेर्च’ म्हणजे दोघं, ‘त्रूर’ म्हणजे तिघं, ‘क्यॅहरर’ म्हणजे चौघं. हा धडा आला की वर्गातले जर्मन आणि अमेरिकन कपाळाला हात लावतात. एकदा त्यांच्यात एक नागपूरचा मुलगा बसला होता, तो नुसता खुशीत मान डोलवत होता.

ऐकण्यासाठी चौथी आणि शेवटची लिंक: ‘रेडिओ ना गेलतख्ता’. २ एप्रिल १९७२ ला सुरू झालेला आयरिशभाषक भागांचा रेडिओ, फोनवर फुकट, भारतातूनही लागतो. सुरुवातीला सगळं डोक्यावरून जाईल. म्हणून युक्ती सांगते: बातम्यांपाशी जाऊ नका, हवामान ऐका. दोन मिनिटांचं असतं, रोज तेच तीसेक शब्द, फक्त क्रम बदलतो. पाऊस, ‘बाश्च्यॉख’, तर या देशात रोजच ऐकू येणार. वारा, दिशा, अंश, उद्या, रात्री, पश्चिमेला. खिडकीबाहेर बघून उत्तर तपासता येतं, अशी श्रवणाची दुसरी परीक्षा नाही. मी तीन आठवडे फक्त हवामान ऐकलं आणि चौथ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की मी भाषांतर न करता छत्री उचलली. त्यानंतर निधनवार्ता ऐका. दचकू नका. त्या रेडिओवर रोज वाचतात, संथ लयीत, ठरलेल्या साच्यात: कोण, कुठल्या गावचं, अंत्यविधी कुठे, किती वाजता. नावं, गावं, वार आणि वेळ यांचा याहून चांगला सराव नाही. आपल्याकडे आजोबा सकाळी पेपर उघडून आधी तेच पान बघायचे, तसं समजा.

टीव्हीला टीजी ४. १९९६ मध्ये सुरू झाला, कार्यालय कॉनेमारातच. त्यावरची ‘रॉस ना रून’ ही मालिका तेव्हापासून चालू आहे, आपल्या संध्याकाळच्या मालिकांइतकीच भांडणं आणि गुपितं. खाली इंग्रजी अक्षरं येतात. एक प्रसंग तसा बघा, मग स्क्रीनच्या तळाला कागदाची पट्टी चिकटवून पुन्हा बघा. मुलीसाठी त्यांचंच मुलांचं चॅनल आहे, कूला ४. तिच्या ओळखीची कार्टून आयरिशमध्ये बोलतात. तिच्यासोबत बसा, तीच तुम्हाला समजावेल.

माणसांशिवाय मात्र हे सगळं कोरडं. चार तासांतला एक तास माणसांना द्या. वाचनालयांतून, कॅफेतून ‘किर्कल कोरा’ भरतात, म्हणजे गप्पांचं वर्तुळ. आयर्लंडमध्ये सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व फुकट असतं, तिथेच चौकशी करा. ‘कॉनरा ना गेलगे’ ही संस्था १८९३ पासून हेच काम करते. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड पुढे १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. डब्लिनला हारकोर्ट स्ट्रीटवर तिचं कार्यालय आहे, प्रौढांचे वर्ग भरतात. गेल लिन आणि गेलखुलतूर या संस्थांचेही वर्ग आहेत, ऑनलाइनसुद्धा. नवख्या माणसानं वर्तुळात काय बोलावं? पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, हवामान सांगितलं आणि संपले. पुढचा पाऊण तास चहा प्यायले. एका आजोबांनी जाताना सांगितलं, पुढच्या वेळी एक वाक्य जास्त आण. मी दर आठवड्याला एक वाक्य घडवून न्यायला लागले, तीच पद्धत आता वर्गाला लावते.

रस्त्यावरच्या लोकांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आयरिश येतं असं लिहिलं. शिक्षणाबाहेर रोज बोलणारे त्यात ७१,९६८. बाकीच्यांनी ती शाळेत तेरा-चौदा वर्षं घोकली, बहुतेकांच्या मनात तिच्याबद्दल प्रेम आणि ओशाळलेपण सारखंच. तुम्ही दुकानात आयरिशमधून आभार मानलेत, ‘गुरा मा अगत’, तर समोरचा खुलेल, लाजेल आणि इंग्रजीत उत्तर देईल. तो तुमचा अपमान नाही. त्याला स्वतःचीच भीती वाटते.

उन्हाळ्यात एक आठवडा काढता आला तर बोलीभागात जा. डॉनिगॉलमधल्या ग्लेनकोलमकिल गावी ‘इजस गेल’ ही संस्था १९८४ पासून प्रौढांचे आठवड्याचे वर्ग घेते, सकाळी भाषा, दुपारी डोंगर, रात्री गाणी. बोली उत्तरेची, हे लक्षात ठेवून जा. कॉनेमारातच हवं असेल तर कॅरारोला गॉलवे विद्यापीठाचं केंद्र आहे. राहायला गावातल्या घरात, यजमानीण म्हणजे ‘ब्यॅन अन ची’, शब्दशः घरची बाई, आणि ती स्वयंपाकघरात तुम्हाला जे शिकवेल ते मी वर्गात शिकवू शकत नाही.

दोन-तीन खड्डे दाखवून ठेवते. शोधताना ‘गेलिक’ असा शब्द टाकू नका, निम्म्या लिंका स्कॉटलंडच्या भाषेच्या निघतात. ओळखायची खूण सोपी: स्वरावरची रेघ उजवीकडे वर चढत असेल तर आयरिश, डावीकडून खाली घसरत असेल तर स्कॉटिश. यंत्रानं केलेल्या भाषांतरावर गृहपाठ उतरवू नका; आयरिशमध्ये ती यंत्रं आत्मविश्वासानं चुकतात, आणि ती चूक शिक्षिकेला दुरून दिसते. आणि ती रेघ, तिला ‘फादा’ म्हणतात, कधी गाळू नका. केकला आयरिशमध्ये ‘काका’ म्हणतात, यावर तुमच्या घरी हसून झालं असेलच. मुलाच्या शाळेत केकविक्री होती, मी हौसेनं मोठी पाटी रंगवली आणि पहिल्या ए वरची रेघ विसरले. रेघ नसली की तो शब्द केकचा उरत नाही, पचून गेलेल्या केकचा होतो. पाटी दुपारपर्यंत टांगलेली होती. फोनवर स्वराचं बटण दाबून धरलं की रेघेचं अक्षर मिळतं. कॉम्प्युटरवर आयरिश कीबोर्ड लावून उजवीकडचं ऑल्ट आणि स्वर.

परीक्षा द्यावीशी वाटली तर मेनूथ विद्यापीठाची ‘टेग’ आहे, प्रौढांसाठी, युरोपीय पायऱ्यांवर बेतलेली. तुमच्या वेगानं वर्ष-दीड वर्षात पहिली पायरी होईल. शेवटी तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय, मुलीला या विषयातून सूट मिळते का. परदेशातून आलेलं मूल १२ वर्षांचं किंवा मोठं असेल तर पालकांच्या लेखी अर्जावर मुख्याध्यापक तसा निर्णय घेऊ शकतात. सेकंड क्लासमधल्या मुलीचा प्रश्न येत नाही, आणि तिला गरजही नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी कानावर असलेलं मूल चौथी भाषा खेळण्यासारखी उचलतं.

गृहपाठाला रोज दहाच मिनिटं द्या, आणि शिक्षिका तिला होऊ द्या. ती वाचेल, तुम्ही मागून म्हणाल. उच्चारावरून वाद झाला तर त्यांगलन उघडा आणि कॉनाख्तचं बटण दाबा. तिच्या बाई डॉनिगॉलच्या निघाल्या तर तिसरं बटण दाबून बघा. बहुतेक वेळा तीच बरोबर असते.